स्पिटफायरच्या सीटवरचे पट्टे: १/४८ कॉकपिटसाठी सीटबेल्ट कसे निवडावेत आणि कसे वळवावेत

कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडी ठेवलेलं १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, मॉडेल विमान कुणाला दाखवलं की त्याची नजर आधी इन्स्ट्रुमेंट पॅनेलवर जाईल, असं करणाऱ्याला वाटत असतं. पॅनेल असतं विंडस्क्रीनखालच्या अंधारात, तेही उभं. उजेड पडतो सीटवर, सरळ वरून. डायलच्या काचांवर घालवलेले चार तास कुणाला दिसत नाहीत, पण सीटवरचा चुकलेला पट्टा पहिल्या नजरेत दिसतो.

चुकतं ते बहुतेक वेळा रंगात नाही. छटा थोडी इकडेतिकडे झाली तर खपून जाते, बकल जरा जाड असलं तरी चालतं. पण पट्टा हवेत तरंगत असला, सीटच्या काठावर पत्रा दुमडावा तसा करकरीत मोडला असला किंवा दोन्ही खांद्यांचे पट्टे आरशात पाहिल्यासारखे तंतोतंत सारखे पडले असले, की खेळ संपला. पट्टा हे कापड आहे आणि त्याच्या टोकाला धातूचं वजन आहे. पायलट उठून गेल्यावर पट्टा कसा पडायचा ते वजनच ठरवतं. पट्ट्यांचा विकतचा सेट स्वस्त की महाग हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवातीला एक फुकटचा सराव करा. पाठीवरची सॅक खुर्चीवर टाका आणि तिच्या पट्ट्यांकडे पाच मिनिटं नीट बघा. शिवणीपाशी पट्टा ताठ असतो, मग एक लांबट बाक येतो, काठावरून उतरताना तो थोडा पिळला जातो आणि प्लास्टिकच्या बकलजवळ एकदम खाली ओढला जातो. टोक कशावर तरी टेकलेलं असतं किंवा सरळ खाली लोंबत असतं, मधल्या मध्ये थांबलेलं कधीच नसतं. मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवा. पुढे चिमटा हातात घेतल्यावर हेच फोटो उपयोगी पडतात.

आधी हार्नेस ओळखा

या लेखात उदाहरण म्हणून स्पिटफायर घेतलं आहे. एक तर त्याची किट सहज मिळतात. दुसरं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या स्क्वॉड्रनकडे मार्क ८ (मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती) स्पिटफायर होती, त्यामुळे आपल्याकडचे बरेच मॉडेलकार कधी ना कधी या विमानाकडे वळतातच.

महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांत सटन हार्नेस असायचा. चार पट्टे: दोन खांद्यांचे, दोन मांड्यांवरचे. पट्ट्यांच्या टोकांना मजबुतीसाठी चामडं लावलेलं आणि त्यात पितळी आयलेटची रांग, आपल्या बुटाला असतात तशी, फक्त मोठी. एका पट्ट्यावर खिळ्यासारखी पिन. बाकीच्या तीन पट्ट्यांतलं सोयीचं भोक त्या पिनवर चढवायचं आणि वरून स्प्रिंगची क्लिप अडकवायची. मोटारीसारखं चौकोनी बकल मधोमध शोधत बसाल तर सापडणार नाही. उशिराच्या काही स्पिटफायरमध्ये हार्नेसचा प्रकार बदललेला दिसतो, म्हणून सेट घेताना नुसतं ‘आरएएफ’ (ब्रिटिश हवाई दल) वाचून थांबू नका. एडुआर्डसारखे उत्पादक ‘अर्ली’ आणि ‘लेट’ असे वेगळे सेट काढतात. आपण करतो त्याच विमानाचा किंवा निदान त्याच मार्कचा त्या काळातला फोटो आधी शोधा. संग्रहालयातल्या विमानाचे पट्टे कित्येकदा नंतर बदललेले असतात, त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे स्पिटफायरच्या खांद्याच्या पट्ट्यांचा मार्ग. हे पट्टे सीटला बांधलेले नसतात. ते सीटच्या पाठीवरून मागे जातात, पाठीमागच्या फ्रेममधल्या फटीतून आत शिरतात आणि तिथून केबलने फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) मागच्या भागात बांधलेले असतात. सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला पट्टा चिकटवून तिथेच कापला, तर जाणकार बघताक्षणी ओळखतो. मांड्यांचे पट्टे मात्र सीटच्या खालच्या भागाला, दोन्ही बाजूंना येतात.

इतर देशांबद्दल थोडक्यात. अमेरिकन विमानांत युद्धाच्या सुरुवातीला फक्त मांड्यांचा पट्टा असायचा, खांद्याचे पट्टे नंतर आले. तेव्हा सुरुवातीच्या पी-४० मध्ये किंवा वाइल्डकॅटमध्ये चारही पट्टे बसवले तर ती हौस झाली, अचूकता नव्हे. जर्मन पट्ट्यांमध्ये बकलच्या मागे मोठी चामडी गादी असते, ती तपकिरी रंगवली की पट्टा लगेच जर्मन दिसायला लागतो. जेट विमानांचा मामला वेगळाच. मिराज २००० मधलं मार्टिन-बेकर मार्क १० किंवा सुखोई-३० एमकेआयमधलं के-३६ घ्या; तिथे पॅराशूटचे, सीटचे आणि पाय ओढून धरणारे असे इतके पट्टे असतात की एकेक जोडत बसण्यापेक्षा पट्टे ओतलेली रेझिनची तयार सीट घेणं शहाणपणाचं. १/७२ मध्ये तर नक्कीच.

मापाचं गणित

पट्टा साधारण २ इंची, म्हणजे ५०.८ मिमी धरला तर १/७२ मध्ये तो ०.७ मिमी होतो, १/४८ मध्ये १.०६, १/३२ मध्ये १.६ आणि १/२४ मध्ये २.१ मिमी. सेट हातात आला की डिजिटल कॅलिपरने पट्टी मोजा. १/४८ म्हणून विकलेली पट्टी १.५ मिमी निघाली तर ती तीन इंची पट्ट्याची आहे. सगळीकडे तशीच असेल तर संशय घ्या.

जाडीचं गणित जास्त बोलकं आहे. खरा पट्टा दोनेक मिलिमीटर जाड, म्हणजे १/४८ मध्ये ०.०४ मिमी. ०.१५ मिमीचा पितळी पत्रा ४८ ने गुणला की ७.२ मिमी येतो. हा पट्टा नव्हे, फळी झाली. प्रिंटरचा ८० जीएसएमचा कागदसुद्धा सुमारे ०.१ मिमी, म्हणजे प्रमाणात जवळजवळ ५ मिमी. म्हणून जाडी शून्यावर आणायच्या मागे लागू नका. ती लपवायची कशी हे महत्त्वाचं, आणि ती लपते गोल वळणांनी. कड सरळ समोर आली की जाडी दिसते. कड जरा पिळली, सावलीत गेली की दिसत नाही.

काय विकत घ्यावं

रंगवलेले पितळी पीई (फोटो-एच, म्हणजे रसायनाने कोरून काढलेल्या पातळ पत्र्याचे) पट्टे सगळ्यात जुने आणि सहज मिळणारे. शिवण आणि बकल छापून येतात. दोष एकच, पण मोठा: तीक्ष्ण घडी घातली की रंगाचा पापुद्रा उडतो आणि खालचं पितळ चमकतं. एडुआर्डच्या प्रोफीपॅक खोक्यांत असा पत्रा असतो, वीकएंड खोक्यांत नसतो. स्वस्त खोकं घेतलं तर बेल्टचा खर्च वेगळा धरा.

एडुआर्डचेच ‘स्टीलबेल्ट’ रंगवलेल्या पोलादाचे आहेत. पितळेपेक्षा पातळ, आणि वळवायला बरेच सोपे. पहिल्यांदा पट्टे बसवणाऱ्याने यापासून सुरुवात करावी, असं आमचं मत.

चेक कंपनी एचजीडब्ल्यूचे कापडी पट्टे दिसायला सगळ्यांत सरस. लेझरने कापलेलं पातळ छापील कापड आणि वेगळी पीई बकलं. पट्टा खरोखर बकलमधून ओवायचा. १/३२ मध्ये हे करायला मजा येते, १/४८ मध्ये संयम लागतो आणि १/७२ मध्ये डोळे जातात. एका सीटला एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवा.

क्विंटा स्टुडिओ, रेड फॉक्स यांचे थ्रीडी छापील डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे) पट्टे रंगवलेले आणि उठावदार येतात. पॅनेलसाठी ते झकास, पण पट्ट्यांसाठी थोडे हात आखडते: सीटच्या पाठीवर, तळाशी सपाट बसतात, हवेत लोंबायला मात्र फारसे तयार नसतात. फाइन मोल्ड्सचे ‘नॅनो एव्हिएशन’ पट्टे प्लास्टिकचे, साच्यातून निघालेले. त्यांचा बाक आधीच ठरलेला असतो, म्हणून ज्या सीटसाठी बनवलेत तिथेच शोभतात.

आणि कॅनॉपी बंद ठेवणार असाल? मग किटमधलं डेकल किंवा घरी कापलेली मास्किंग टेपची पट्टी पुरते. उगाच नमनाला घडाभर तेल नको.

सीटची तयारी

पट्ट्यांना हात लावण्याआधी सीट पूर्ण तयार हवी. किटच्या सीटवर पट्टे ओतलेले असतील तर गोल धारेच्या ब्लेडने खरवडून काढा, मग ४००, ८०० आणि १२०० चा पॉलिश पेपर. कोपऱ्यात पेपर पोचत नाही, तिथे टूथपिकच्या टोकाला पेपरचा तुकडा चिकटवून घासा. सीटच्या कडा जाड असतील तर आतल्या बाजूने तासून निमुळत्या करा. अर्ध्या मिलिमीटरची कड म्हणजे प्रमाणात २४ मिमी जाडीची भिंत, आणि पातळ पट्टा तिच्यावरून गेला की ती आणखी बोजड दिसते.

स्पिटफायरच्या बऱ्याच सीट दाबलेल्या रेझिनयुक्त कागदाच्या, लालसर तपकिरी असत. धातूच्या सीट कॉकपिटच्या हिरव्या रंगाच्या. पाठीला काळी चामडी गादी. तळाला गादी नाही, कारण पायलट स्वतःच्या पॅराशूटवर बसायचा आणि पॅराशूट त्या खोल भांड्यात मावायचं. मॉडेलमध्ये पायलट नाही, पॅराशूटही नाही. मग मांड्यांचे पट्टे त्या खोल तळाशी जाऊन पडणार, सीटच्या तोंडाशी सपाट ताणलेले राहणार नाहीत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम होतं.

सीट रंगवा, वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ गडद रंग) द्या, मॅट वार्निश मारा आणि रात्रभर वाळू द्या. कॉकपिटमध्ये अजून चिकटवू नका.

धातूचे पट्टे: मऊ करणं, कापणं, वळवणं

बिनरंगाचं पितळ आधी मऊ करून घ्यायचं. पट्टा फ्रेटवरच (भाग जिला जोडलेले येतात त्या पत्र्याच्या चौकटीवरच) ठेवा, फ्रेटचा कोपरा चिमट्यात धरा आणि मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीवरून दोन-तीन सेकंद फिरवा. मंद लाल झाक आली की लगेच बाजूला घ्या आणि हवेतच निवू द्या. एका जागी धरून ठेवलंत तर बारीक बकल वितळून गोळा होतं. थंड झाल्यावर पितळ काळपट दिसेल. देवघरातली भांडी लिंबाने किंवा चिंचेने उजळतात ना, तोच उपाय इथे: दहा मिनिटं लिंबाच्या रसात ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, न घासता टिपून घ्या. मग प्रायमरचा पातळ हात. रंगवून आलेल्या पितळाला आणि स्टीलबेल्टला आगीजवळ न्यायचं नाही, रंग जळून जाईल.

कापायला खाली कडक पृष्ठभाग हवा. कटिंग मॅट दबते आणि पट्टा कापताना वाकतो. घरातली उरलेली सिरॅमिक टाइल सगळ्यात उत्तम. टाइलवर मास्किंग टेप उलटी, चिकट बाजू वर करून लावा आणि फ्रेट तिच्यावर ठेवा. सुटलेला तुकडा उडून पंख्याखाली जाणार नाही. पंखा बंद करा हेही सांगायला हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात हे विसरतं आणि मग सगळं घर गुडघ्यावर येतं. नवीन ब्लेडने पट्ट्याला लागून एकदाच सरळ दाबा. करवतीसारखं पुढेमागे केलंत की कडा वर उचलल्या जातात. उरलेलं बोंड बारीक कानशीने पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने घासा.

वळवताना लागतात दोन गोल दांड्या. ०.५ ते १ मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग यासाठी छान चालतो. सीटच्या काठावरची वळणं १ मिमीवर, बकलजवळची ०.५ मिमीवर. चिमट्याच्या टोकात पट्टा धरून सरळ घडी घालायची नाही. रंग तिथेच उडतो आणि कापडाला न शोभणारी रेघ उमटते. पत्रा थोडा मागे उसळतो, म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्त वळवा. त्यानंतर पट्टा तळहाताच्या मऊ भागावर ठेवून टूथपिकच्या गोल टोकाने हलकं दाबत पुढे सरका. लांबट, अनियमित बाक येतो तो असाच. शेवटी दोन चिमट्यांत दोन टोकं धरून पाच-दहा अंशांचा पीळ द्या. एवढ्यानेच पट्ट्याची एक कड सावलीत जाते आणि जाडी नाहीशी होते.

कापडी पट्टे: ओवण्याची युक्ती

कापडाचा तुकडा पत्रकातून कापण्याआधी हातात हलकेच चुरगाळून सरळ करा, आठ-दहा वेळा. कडकपणा जातो, पडण्यात नैसर्गिकता येते आणि मागचा कागद सुटायला मदत होते. मग सूचनांच्या क्रमाने एकेक पट्टा कापा. सगळे एकदम कापले तर कुठला कुठला ते कळत नाही. मांड्यांचे डावे-उजवे पट्टे जवळजवळ सारखेच दिसतात.

बकलमध्ये पट्टा शिरत नाही ही सगळ्यांची तक्रार. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची नळी का असते ते आठवा. पट्ट्याचं टोक तिरकं कापा, दोन मिलिमीटरपर्यंत फेविक्विकचा अगदी सूक्ष्म थेंब लावा आणि वाळू द्या. ताठ, टोकदार टोक बकलमधून सहज निघतं. ओवून झाल्यावर तो ताठ भाग कापून टाका. घडीच्या आत पातळ केलेल्या फेविकॉलचा ठिपका आणि चिमट्याने दहा सेकंद दाब. इथे फेविक्विक नको: ते कापडात झिरपतं आणि गडद, चकचकीत डाग पडतो, जो कुठल्याही मॅट वार्निशने पुरता जात नाही.

थ्रीडी डेकल पट्टे कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा. डेकल सॉफ्टनरचा उपयोग नाही, उठावाच्या रेझिनवर तो काम करत नाही. सीटवर फेविकॉलचा पातळ थर लावून वर सरकवा. वळणावर हट्ट करत असेल तर हेअर ड्रायरची सौम्य ऊब द्या. थंड असताना वाकवलंत तर तडा जातो.

सीटवर बसवणं

आता क्रम. मांड्यांचे पट्टे आधी, खांद्यांचे नंतर, कारण खांद्यांचे वर पडतात. सगळं आधी कोरडं बसवून बघा.

डाव्या मांडीचा पट्टा सीटच्या बाजूला खाली चिकटवा. जेल प्रकारचा सुपरग्लू, सुईच्या टोकावर मावेल इतकाच. अर्धा मिनिट थांबा. पट्टा सीटच्या कडेवरून आत घ्या, आतल्या भिंतीला टेकवत खाली उतरवा आणि शेवटचे तीन-चार मिलिमीटर तळावर आडवे पडू द्या. दुसरा ग्लूचा ठिपका तळाशी, जिथे पट्टा खरोखर टेकतो तिथे. मधे कुठेही ग्लू नाही. उजवा पट्टा मुद्दाम वेगळा ठेवा: तो सीटच्या बाहेर कडेवरून लोंबू द्या, बकल खाली. एक आत, एक बाहेर, एवढा फरक पुरतो.

खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून येताना कडेवर मोठ्या गोलाईने वळतात, मग पाठीच्या गादीला चिकटून उतरतात. गादी फुगीर आहे, म्हणून पट्टाही तिथे थोडा बाहेर येऊन पुन्हा आत जातो. एक पट्टा तळापर्यंत नेऊन मांडीच्या पट्ट्यावर टाका. दुसरा अर्ध्यावर आणून तिरका, आयलेटची रांग वर दिसेल असा ठेवा. पट्ट्यांची मागची टोकं सोडून द्या, ८-१० मिमी जास्त राहू देत. सीट फ्रेमवर बसवली की ती मागच्या फटीतून आत सारायची आणि मागे कापायची. फट किटमध्ये भरीव असेल तर ०.५ मिमीच्या ड्रिलने ओळीने तीन-चार भोकं पाडून ब्लेडने जोडा.

कॉकपिटचं दार उघडं ठेवणार असाल तर खांद्याचा एखादा पट्टा बाहेर, कडेवर टाकून ठेवता येतो. पायलट घाईने चढणार असेल तर पट्टे अंगाखाली येऊ नयेत म्हणून ते बाजूला काढलेले बरे. मग मात्र फ्युजलाज बंद झाल्यावरच तो पट्टा वळवा. आधी वळवलेला पट्टा दोन अर्धे जोडताना हमखास अडकतो.

रंग

सटन हार्नेसचं कापड खाकी ते फिकट तपकिरी. शुद्ध पांढरा कधीच नाही. पट्टे कोरे असतील तर फिकट वाळूच्या रंगाचा हात द्या, वर पातळ तपकिरी वॉश, आणि वॉश फक्त शिवणीच्या व बकलच्या कडेला. संपूर्ण पट्ट्यावर वॉश पसरलात तर तो चहात बुडवल्यासारखा दिसतो. कापडी पट्ट्यावर तेलरंगाचा वॉश पसरत जातो, तिथे ॲक्रिलिक वापरा आणि आधी मॅट वार्निशचा पातळ फवारा मारून कापड बंद करा.

टोकाचं चामडं गडद तपकिरी, किंचित साटीन. आयलेटसाठी टूथपिकचं टोक ब्लेडने तासून त्याने पितळी रंगाचे ठिपके द्या. ब्रशने ते गोल येत नाहीत. बकलच्या कडांवर पेन्सिलचं शिसं घासा. चांदीच्या रंगापेक्षा शिशाची चमक जास्त खरी दिसते, आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतं. रंगवलेल्या पितळावर वळणाशी पापुद्रा उडाला असेल तर तिथे पट्ट्याच्या रंगाचा ठिपका, मग त्याच्यावर जरा फिकट. झिजलेलं कापड वाटतं.

कुठे बिघडतं

सुपरग्लूची पांढरी राख ही पावसाळ्यातली खास डोकेदुखी. सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने जमतो आणि त्याची वाफ जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हा त्रास जास्त. ग्लू कमी वापरा, खिडकी उघडी ठेवा, आणि राख बसलीच तर त्या जागी मॅट वार्निशचा पातळ ब्रश फिरवा, ती पुसट होते. ग्लू ताजा असताना कॅनॉपी लावू नका. वाफ आत कोंडते आणि काच धुरकट होते, मग उपाय नाही.

पट्टा चिकटून सुटतो, कारण सीटवरचा मॅट रंगच सोलून निघतो. टेकण्याच्या जागी सुईने रंग खरवडून मग ग्लू लावा. पट्टा उलटा बसतो, कारण छापील बाजू कुठली ते बघितलेलं नसतं. कापण्याआधी फ्रेटच्या मागच्या बाजूला मार्करने रेघ ओढून ठेवा. आणि सीट आत जात नाही, कारण बाहेर लोंबवलेला पट्टा कॉकपिटच्या भिंतीतल्या थ्रॉटलला घासतो. कोरडं बसवून बघायला सांगितलं ते यासाठी.

घरच्या घरी

सेट हरवला, किंवा परदेशातून मागवायला महिना लागणार आहे, तर टामियाची पिवळी मास्किंग टेप काचेवर चिकटवा, स्टीलच्या पट्टीने १.०५ मिमीच्या रेघा कापा आणि काचेवर असतानाच रंगवा. बकलसाठी विजेच्या दुकानातली पाऊण स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल वायर, जिच्यावर २४/०.२ लिहिलेलं असतं, ती फूटभर आणा. आतला प्रत्येक तांब्याचा धागा ०.२ मिमीचा. १.१ मिमी रुंदीच्या प्लास्टिक पट्टीभोवती धागा दहा वेढे गुंडाळा, ब्लेडने एका बाजूने कापा, दहा चौकोनी कड्या मिळतात. प्रत्येक कडी टाइलवर ठेवून चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. सटनच्या आयलेटसाठी टेपवर पितळी ठिपकेच पुरतात. टेपचा डिंक वर्षभरात सुकतो, म्हणून प्रत्येक टेकणाऱ्या जागी फेविकॉल लावायला विसरू नका.

सीट आत बसल्यावर, मागची टोकं कापून झाल्यावर, कॉकपिटमध्ये रबरी फुग्याच्या पंपाने एकदा हवा मारून धूळ उडवा आणि चोवीस तास उघडं ठेवा. मगच कॅनॉपी.